वाघोबा, गणपती आणि उपनगरांची जमीन

२०२५ च्या फेब्रुवारीत कांदिवलीच्या चारकोपमधला माघी गणपती विसर्जनाला निघाला आणि विसर्जन न होताच परत आला. उत्सवाच्या दोनच दिवस आधी, ३० जानेवारीला, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरची बंदी काटेकोरपणे पाळा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला होता. समुद्रात विसर्जनाला परवानगी मिळेना आणि एवढी मोठी मूर्ती कृत्रिम तलावात बुडवायला मंडळ तयार होईना. ‘चारकोपचा राजा’ जवळजवळ सहा महिने झाकून ठेवावा लागला. जुलैअखेर न्यायालयाने सहा फुटांवरच्या मूर्तींना सवलत दिली, तेव्हा कुठे ऑगस्टच्या सुरुवातीला त्याला समुद्र दिसला.

या तिढ्यात धर्म एका बाजूला आणि पर्यावरण दुसऱ्या बाजूला, अशी सोपी वाटणी नव्हती. बंदीसाठी न्यायालयात गेलेल्यांत शाडूच्या मूर्ती घडवणारे मूर्तिकार होते. त्यांची गणपतीवरची श्रद्धा मंडळापेक्षा कमी कशी म्हणणार? बंदीविरुद्ध उभे राहिलेल्यांत पेण तालुक्यातले, हमरापूर-जोहे पट्ट्यातले कारागीर होते. त्यांच्या घरची चूल वर्षभर प्लास्टरच्या साच्यांवर पेटते. देव तोच आणि पाणीही तेच, पण पोटे वेगवेगळी. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या उपनगरांत श्रद्धेच्या बळावर पर्यावरणाचे आणि न्यायाचे काम कुठे चालते, कुठे अडते आणि का, हे पाहायचे तर सुरुवात इथूनच केलेली बरी.

प्लास्टरच्या मूर्तीची अडचण रसायनशास्त्राची आहे. कॅल्शियम सल्फेटचा हा गोळा पाण्यात पटकन विरघळत नाही, तळाशी साचून राहतो, पाण्याचा कठीणपणा वाढवतो. वरच्या रंगांतले जड धातू वेगळेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती विसर्जनाची पहिली मार्गदर्शक तत्त्वे २०१० मध्ये काढली आणि मे २०२० मध्ये प्लास्टरवर सरळ बंदी घातली. त्यानंतर दरवर्षी ‘यंदापुरती सवलत’ हा खेळ सुरू राहिला. २०२५ मध्येही शेवटी तडजोडच झाली: मूर्ती बनवायला हरकत नाही, सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावात, त्याहून उंच असतील तर समुद्रात. महापालिकेने मूर्तिकारांना शाडूची माती फुकट दिली आणि कृत्रिम तलावांची संख्या एका वर्षात दोनशेच्या आसपासवरून पावणेतीनशेच्या वर नेली. उपनगरांतल्या घरगुती गणपतींपुरता हा बदल आता अंगवळणी पडला आहे. सोसायटीच्या आवारात पिंपात विसर्जन करणाऱ्या कुटुंबाकडे आज कोणी वळून पाहत नाही.

ही सवय लावण्यात पहिला घाम गाळला तो मात्र श्रद्धेच्या प्रांतात ज्यांना उपरे मानले जाते त्यांनी. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘विसर्जित मूर्ती दान करा’ ही मोहीम नदीकाठी उभे राहून चालवली, तेव्हा त्यांना धर्मबुडवे म्हणून शिव्या खाव्या लागल्या. ‘होळी लहान करा, पोळी दान करा’ ही त्यांचीच हाक. आज महापालिकेचे निर्माल्य कलश आणि मूर्ती संकलन केंद्रे हेच काम करतात, आणि त्यांच्या मांडवाला धार्मिक संस्थांचेच स्वयंसेवक हात लावतात. हा प्रवास जेमतेम दोन-अडीच दशकांचा आहे. रूढी हलत नाही असे म्हणणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

उंचीचेही तसेच. २०२० मध्ये करोनामुळे सरकारने सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची आणि घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली; मंडळांनी ती पाळली, कित्येकांनी उत्सवाऐवजी रक्तदान शिबिरे भरवली. पंधरा-वीस फुटांचा आग्रह शास्त्रातून आला असता तर हे एका आदेशाने झाले नसते. तो आला आहे मंडळामंडळांतल्या चढाओढीतून, प्रायोजकांच्या फलकांतून आणि स्थानिक पुढाऱ्यांच्या हौसेतून. तेव्हा उंच मूर्तीच्या बचावाला कोणी ‘श्रद्धा’ पुढे केली, तर त्या श्रद्धेचा हिशेब खर्चाच्या वहीतही पाहावा.

गणेशोत्सवाची ही हिरवाई खरी आहे, पण तिची धाव उत्सवाच्या दहा दिवसांपलीकडे जात नाही. वर्षभराचा लढा पाहायचा तर आरेत जावे लागते.

गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीत आणि तिला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मिळून वारली, मल्हार कोळी, कातकरी अशा समाजांचे पाडे आहेत. एकट्या आरेत सत्तावीस पाडे सांगितले जातात. १९४९ मध्ये वसाहत आली, तबेले आले, त्याच्या आधीपासूनची ही वस्ती. हिरवा, हिमाय, नारनदेव, गावदेवी ही त्यांची दैवते. आणि वाघोबा. शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडावर कोरलेला वाघ, शेजारी चंद्र-सूर्य, एवढेच त्याचे देऊळ. वाघबारसेला, म्हणजे आपण ज्या दिवशी वसुबारस करतो त्याच दिवशी, त्याला कोंबडा आणि नारळ चढतो. वाघोबाने जनावर उचलू नये, माणसाला हात लावू नये, असे मागणे असते. आणि त्या बदल्यात त्याची जागा त्याला सोडायची, हा करार.

या कराराचा अभ्यासही झाला आहे. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत संशोधकांनी दीडशेहून अधिक वाघोबाची ठाणी नोंदवली आणि २०२१ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. त्यातला निष्कर्ष भाबडा नाही. वाघोबाला पुजणारे बिबट्याला घाबरत नाहीत असे नाही. त्यांचेही नुकसान होते, त्यांनाही राग येतो. पण बिबट्याला इथे राहण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात उठत नाही. राष्ट्रीय उद्यान आणि परिसरात २०१८ च्या मोजणीत ४७ बिबटे आढळले. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल आणि त्याला चहूबाजूंनी वेढणारी दोन कोटींची वस्ती, हे गणित जगात दुसरीकडे क्वचितच जमते. २००४ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांनी हाहाकार उडाला तेव्हा इमारतींत राहणाऱ्यांची मागणी एकच होती: पिंजरे लावा, उचलून न्या. पकडून दुसरीकडे सोडलेला बिबट्या जास्त बिथरतो, हे वन्यजीव अभ्यासकांनी दाखवून दिले आणि वनखात्याने मग लोकांना शहाणे करण्याचा मार्ग धरला. कचरा उघड्यावर टाकू नका, रात्री मुलांना एकटे सोडू नका, असे फलक आता लागतात. पाड्यावरच्या म्हाताऱ्या हेच वाघोबाच्या नावाने सांगत आल्या होत्या.

आरेतल्या मेट्रो-३ च्या कारशेडचा वाद पेटला तेव्हा हीच दैवते आंदोलनात आली. २९ ऑगस्ट २०१९ ला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडांच्या प्रस्तावाला मान्यता दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, त्याचीच याचिका करून सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली, पण तोवर २,१४१ झाडे आडवी झाली होती. पुढे सरकारे बदलली तशी कारशेड कांजूरमार्गला गेली आणि २०२२ मध्ये परत आरेत आली. एप्रिल २०२३ मध्ये, ८४ झाडांची परवानगी असताना त्याहून जास्त झाडांसाठी परस्पर वृक्ष प्राधिकरणाकडे गेल्याबद्दल, सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो कंपनीला दहा लाख रुपये भरायला लावले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा सुरूही झाला.

म्हणजे लढा हरला? कारशेडपुरता, होय. पण मधल्या काळात आरेतली आठशेहून अधिक एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली, ती या रेट्यामुळेच. आंदोलनात शहरी मध्यमवर्ग, वकील, विद्यार्थी, ‘वनशक्ती’सारख्या संस्था होत्या आणि त्यांची भाषा प्राणवायूची, पुराची, कार्बनची होती. पाड्यांची भाषा वेगळी होती: हे आमच्या देवाचे ठाणे आहे, इथली भाजी, इथली लाकूडफाटी, इथले मसणवट आमचे आहे. न्यायालयांत पहिली भाषा चालली, दुसरी जवळजवळ ऐकूच आली नाही. वनहक्क कायदा २००६ चा असला तरी आरे हे ‘वन’च नाही, असे सरकारचे म्हणणे, मग वनहक्काचा दावा कशावर करायचा? झाड मोजायला प्राधिकरण आहे, वाघोबाचे ठाणे मोजायला कोणी नाही. हिरव्या चळवळीच्या शहरी अंगाने हा मुद्दा आणखी लावून धरायला हवा होता, असे वाटते. झाड वाचले आणि पाडा उठला, तर त्याला विजय कोण म्हणेल?

जमिनीचे हेच दुखणे अंधेरीत वेगळ्या धर्माच्या अंगाने दिसते. सीप्झ या निर्यात क्षेत्राच्या कुंपणाच्या आत, काचेच्या इमारतींच्या गर्दीत, एका चर्चचे भग्न अवशेष आहेत: सेंट जॉन द बाप्टिस्ट. पोर्तुगीज काळात जेझुइटांनी ते १५७९ मध्ये बांधले. १८४० मध्ये साथीने कोंडिविटे गाव उठले आणि चर्च ओस पडले, मूर्ती मरोळच्या चर्चमध्ये गेल्या. पुढे औद्योगिक वसाहत आली, १९७३ मध्ये सीप्झ आले, भाताची खाचरे गेली. ईस्ट इंडियन समाजाचे लोक वर्षातून एकदा, मे महिन्यात, त्या छप्पर नसलेल्या भिंतींत मिस्सा करायला जमतात. सुरक्षा रक्षकांच्या फाटकातून आत जाऊन केलेली ही प्रार्थना म्हणजे जमिनीवरचा दावाच आहे. फक्त तो सातबाऱ्यावर नाही.

हा समाज मूळचा इथलाच, मराठीची आपली बोली बोलणारा, भातशेती आणि मासेमारी करणारा. मरोळ, कुर्ला, वांद्रे, गोराई, मनोरी इथल्या गावठाणांतले रस्त्याकडेचे क्रूस हीच त्याची सीमाचिन्हे. त्यामुळे त्याचा गावठाणाचा लढा घरदुरुस्तीच्या परवानग्यांचा असतो, विहिरी आणि मोकळ्या जागांचा असतो आणि क्रुसांचाही असतो. तिन्ही वेगळे काढता येत नाहीत. याचा सर्वात ठळक दाखला गोराई-मनोरी-उत्तनच्या पट्ट्यात, जुन्या नावाने धारावी बेटावर, मिळाला. खाडीपलीकडे १९८९ मध्ये करमणूक उद्यान आले होतेच. सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांच्या, लाटेत, २००७ च्या सुमारास, बहुतेक सगळे बेटच पर्यटन-करमणुकीच्या विशेष क्षेत्रात घेण्याचा घाट घातला गेला. कोळी आणि ईस्ट इंडियन गावकऱ्यांनी ‘धारावी बेट बचाव समिती’ उभी केली. प्रस्ताव बारगळला. बोरिवलीहून बोटीने गोराईला उतरणाऱ्याला आजही भाजीचे मळे दिसतात, ते आपोआप राहिलेले नाहीत.

चर्च या संस्थेनेही यात हळूहळू पाऊल टाकले. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २०१५ मध्ये आले. पृथ्वीची हाक आणि गरिबांची हाक एकच, असा त्याचा गाभा. मुंबई धर्मप्रांताने पर्यावरणासाठी स्वतंत्र कार्यालय काढले. त्यामागे बिशप ऑल्विन डिसिल्वा यांची अनेक वर्षांची खटपट होती. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा ‘सृष्टीचा काळ’ पॅरिशमध्ये पाळला जातो: कंपोस्ट, पावसाचे पाणी, प्लास्टिकबंदी, सौर पॅनेल. चांगलेच आहे. पण पॅरिशमधला कंपोस्टचा खड्डा आणि गोराईचा सेझविरोधी लढा यांत जे अंतर आहे, ते परिपत्रकाने भरून निघत नाही. फादर स्टॅन स्वामी झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीसाठी झिजले. ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच त्यांचे निधन झाले ते वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात. त्यांच्यासाठी उपनगरांतल्या चर्चमध्ये मेणबत्त्या पेटल्या. आरेतल्या पाड्यांच्या जमिनीसाठी तेवढ्याच पेटल्या का, हा प्रश्न विचारायला हवा.

या सगळ्याचा वस्तुपाठ उपनगरांच्या उंबरठ्यावर, वसईत आहे. १९८८ मध्ये सरकारने वसई-विरार पट्ट्यातली प्रचंड हरित जमीन बांधकामाला मोकळी केली. जमीनमाफिया आणि टँकरवाल्यांची दहशत एवढी, की उघड बोलायला कोणी धजत नव्हते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी केली, हजारोंचे मोर्चे काढले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अशी त्यांची ओळख महाराष्ट्राला आहे; वसईकरांना ते धमक्यांना न भिता मोर्च्याच्या पुढे चालणारे धर्मगुरू म्हणून आठवतात. समिती कॅथलिकांची राहिली नाही, सामवेदी, आगरी, कोळी, मुसलमान सगळे आले; तिचे यश त्यातच होते. २००९ मध्ये महापालिका आली, पूर्वेला टॉवरांची भिंत उभी राहिली, पण निर्मळ, भुईगाव, नंदाखालच्या वाड्यांत केळी, फुले आणि पानवेली अजून आहेत. जुलै २०२४ मध्ये दिब्रिटो गेले. त्यांच्या तोडीचा धर्मगुरू उपनगरांत कोणत्याच धर्माला मिळालेला नाही, हे स्पष्ट म्हणायला हरकत नसावी.

वारकऱ्यांचेही एक उदाहरण इथे आठवते. २००८ मध्ये चाकणजवळ शिंदे-वासुली इथे डाऊ केमिकलचे संशोधन केंद्र येत होते. तिथले सांडपाणी ओढ्या-नद्यांतून भीमेत, म्हणजेच पंढरपूरच्या चंद्रभागेत जाणार, हा हिशेब कीर्तनातून गावोगाव गेला. बंडातात्या कराडकरांच्या नेतृत्वाखाली वारकरी रस्त्यावर उतरले आणि भोपाळची सावली असलेल्या कंपनीला गाशा गुंडाळावा लागला. आंदोलनात जाळपोळही झाली, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण नदी पवित्र आहे, एवढे म्हणून थांबण्यापेक्षा तिच्यात कोण काय सोडतो, हे विचारणारी भक्ती महाराष्ट्रात आहे, हे त्यातून दिसले. उपनगरांत दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी अशा चार नद्या आहेत. दहिसर नदी तुळशी तलावाच्या बाजूने, राष्ट्रीय उद्यानातून निघते आणि जंगलाबाहेर पडताच तबेल्यांचे शेण आणि नाल्यांचे पाणी घेऊन वाहू लागते. तिच्यासाठी ‘रिव्हर मार्च’च्या नागरिकांनी पायपीट केली, तिच्या काठच्या देवळांनी मात्र अजून कीर्तन लावलेले नाही.

मनुष्यबळाचा विचार केला तर श्रद्धेइतका मोठा साठा कोणत्याही पर्यावरण संस्थेकडे नाही. रेवदंड्याच्या डॉ. नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठानचे श्रीसदस्य एका हाकेवर हजारोंनी झाडू घेऊन उतरतात. स्टेशने, रस्ते, किनारे एका सकाळी लख्ख होतात, निर्माल्याचे खत होते, रोपे लागतात आणि पुढे जगवलीही जातात. संत निरंकारी मिशनने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘प्रोजेक्ट अमृत’ नावाने जलाशय आणि किनारे साफ करण्याची देशव्यापी मोहीम सुरू केली. मरोळमध्ये मोठे विद्यापीठ उभारणाऱ्या दाऊदी बोहरा समाजाची वृक्षलागवड आहे. या मंडळींची शिस्त पाहून कोणत्याही साहेबाला हेवा वाटावा.

आणि तरीही. रस्त्यावरचा कचरा उचलणारा श्रीसदस्य, हा कचरा आला कुठून आणि महापालिकेचा कंत्राटदार काय करत होता, असे विचारत नाही. विचारायचे नाही, हीच तिथली शिस्त आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हात प्रतिष्ठानच्या प्रमुखांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा सरकारी सोहळा झाला आणि उष्माघाताने चौदा श्रीसदस्य गेले. लाखो लोकांना दुपारच्या उन्हात बसवण्याचा निर्णय कोणाचा, हा हवामानाचा आणि न्यायाचा असा दुहेरी प्रश्न होता. तो ज्यांचे लोक गेले त्यांनीही ताणला नाही.

सेवेच्या पलीकडे अर्थव्यवहाराला हात घालणारा प्रयोग पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय परिवाराने केला होता. रोह्यात जन्मलेल्या आठवले यांनी ‘वृक्षमंदिर’ ही कल्पना काढली: झाड हाच देव, माळ्याचे काम हीच पूजा, आणि उत्पन्न कोणा एकाचे नाही. ‘योगेश्वर कृषी’ शेतात आणि ‘मत्स्यगंधा’ समुद्रात, म्हणजे कोळ्यांनी पाळीपाळीने चालवायची सामायिक नौका, जिच्या कमाईतून गरजूंना मदत. मॅगसेसे (१९९६) आणि टेम्पल्टन (१९९७) हे दोन्ही पुरस्कार त्यांना मिळाले. २००३ मध्ये ते गेले आणि त्यानंतर परिवाराची ती धग राहिली नाही. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती वस्त्यांत स्वाध्यायाची केंद्रे अजून भरतात. पण सामायिक मालकीची कल्पना शहरात आणून एखाद्या टेकडीवर किंवा खाजणावर वापरून पाहण्याचे धाडस कोणी केले नाही, ही हुकलेली संधी आहे.

श्रद्धा आणि सार्वजनिक हित यांची सरळ टक्कर झाली ती कबुतरांवरून. २०२५ च्या जुलैत सरकारने मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायला सांगितले. वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ यांमुळे फुप्फुसांचा न परतणारा आजार होतो, हे डॉक्टर अनेक वर्षे सांगत होते. उच्च न्यायालयाने दाणे टाकायला मुभा दिली नाही. ६ ऑगस्टला दादरला जमावाने ताडपत्री फाडली. जैन मुनींनी उपोषणाची भाषा केली, उलट बाजूने मराठी संघटनाही उतरल्या आणि फुप्फुसाचा प्रश्न दोन दिवसांत भाषेचा आणि मतांचा झाला. ऑक्टोबरअखेर महापालिकेने सकाळी दोन तास दाणे टाकायला चार जागा दिल्या. त्यांतल्या तीन उपनगरांत आहेत: अंधेरीत लोखंडवाला मागचा कांदळवनाचा रस्ता, ऐरोली-मुलुंड जकात नाका आणि बोरिवलीतले गोराई मैदान. शहराच्या मध्यावरचे गाऱ्हाणे कडेला ढकलायचे, ही पालिकेची जुनी रीत. कचराभूमीही तशाच देवनार, मुलुंड आणि गोराईला गेल्या.

जीवदया ही जैन परंपरेची फार मोठी देणगी आहे. पांजरपोळ, पक्ष्यांचे दवाखाने, गोशाळा हे सगळे तिनेच उभे केले. घाटकोपरला तर तिचा वारसा घराघरांत आहे. पण एकाच जातीच्या पक्ष्याला पोत्याने दाणे घातले की त्याची पैदास बेसुमार वाढते आणि चिमणी, साळुंकीला जागा उरत नाही. दया कोणावर, हे ठरवताना शेजारच्या दमेकरी म्हातारीलाही जीवांत धरायला नको का? हा युक्तिवाद बाहेरच्याने करण्यापेक्षा उपाश्रयातून यायला हवा. जैन समाजातले कित्येक डॉक्टर तो खासगीत करतातही.

आवाजाचे प्रकरण त्याहून सोपे, कारण त्यात सगळेच दोषी आहेत. २३ जानेवारी २०२५ ला कुर्ल्याच्या नेहरूनगर आणि चुनाभट्टीच्या रहिवासी संघटनांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने पुन्हा बजावले, की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अविभाज्य भाग नाही. भोंगे उतरले, मुंबईतल्या काही मशिदींनी मोबाइल अॅपवरून अजान ऐकवायला सुरुवात केली. हा बदल कौतुकाने टिपायला हवा. गणपतीच्या आणि दहीहंडीच्या डीजेला तोच न्याय तेवढ्याच तत्परतेने लागला, असे म्हणण्याचे धाडस घाटकोपरचा रहिवासी करणार नाही.

एका प्रवाहाला, आंबेडकरी चळवळीला, या यादीत बसवताना अडचण येते, पण त्याच्याशिवाय चित्र पुरे होत नाही. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह, २० मार्च १९२७, हा पाण्याच्या न्यायाचा आपल्याकडचा सर्वात मोठा लढा. त्याला पर्यावरणाची चळवळ म्हणायची पद्धत नाही, ही पर्यावरणवाद्यांची मर्यादा. ११ जुलै १९९७ ला गोळीबारात दहा जण गेले ते घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर, आणि तशा कित्येक वस्त्यांत, बुद्धविहार हीच सभेची जागा असते. बेकायदा ठरवलेल्या झोपडीलाही पाणी नाकारता येणार नाही, हे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले. ते ‘पाणी हक्क समिती’च्या याचिकेवर, आणि तिच्यामागे वस्त्यांतले सगळ्या धर्मांचे लोक होते. ज्यांच्या नळाला पाणी नाही त्यांना नदी वाचवायला बोलावण्याआधी हा क्रम लक्षात घेतला पाहिजे.

पुढची कसोटी दारात आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे राष्ट्रीय उद्यानाखालून जाणार आहेत आणि चित्रनगरीलगतच्या आदिवासी पाड्यांतली घरे त्याच्या वाटेत येतात. वर्सोवा ते भाईंदर किनारी रस्त्यासाठी कांदळवनातली सुमारे ४५ हजार झाडे तोडायला डिसेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली. चारकोप आणि गोराई याच पट्ट्यात येतात. ज्या समुद्रात आपली मूर्ती जावी म्हणून सहा महिने थांबलेली भक्ती त्या समुद्राच्या काठच्या झाडांसाठी सहा तास तरी थांबेल का, हे आता कळेल. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात हिंगळाज देवीला आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणारे नाखवे काय म्हणतात, तेही ऐकावे लागेल, कारण मासळीची पिल्ले कांदळवनात वाढतात हे त्यांना कोणी शिकवायची गरज नाही.

महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे तोडीच्या प्रस्तावाची नोटीस वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि झाडावरही लावावी लागते. हरकतीला सात दिवस असतात. ती नोटीस बहुतेकदा कोणाच्या नजरेस पडत नाही. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत प्रत्येक मंडळाजवळ, देरासराजवळ, चर्चजवळ, मशिदीजवळ आणि विहाराजवळ सूचनाफलक आहे, आरतीला किंवा मिस्साला जमणारी माणसे आहेत. आपल्या प्रभागातली प्रत्येक नोटीस त्या फलकावर लावायची आणि सात दिवसांच्या आत हरकतीचे अर्ज भरून घ्यायचे, एवढे काम त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू करावे. त्याला वर्गणी लागत नाही आणि पोलिसांची परवानगीही लागत नाही.